सुखी माणसाशी मैत्री जमते का?

॥ श्रीगुरवे नमः ॥

आजचा पाठ : पातंजल योगसूत्रे, समाधिपाद, सूत्र 33
चिंतनाचे शब्द : मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा



सकाळी आंघोळ करून देवापुढे पाच मिनिटं बसलो की मन कसं छान शांत होतं. मग फोन हातात येतो. कोणाच्या तरी नव्या घराचा फोटो दिसतो, कोणाला बढती मिळालेली दिसते, फॅमिली ग्रुपवर कोणीतरी टोमणा मारलेला असतो आणि ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा रात्री अकराचा मेसेज पडलेला असतो. पाच मिनिटांची शांती दोन मिनिटांत संपते. मग आपण म्हणतो, "माझं मन लागत नाही जपात." खरं तर मन जपात बिघडत नाही. ते बिघडतं माणसांमध्ये, आणि बिघडलेलं मन घेऊन आपण जपाला बसतो.

पतंजली महर्षींनी नेमकी हीच गोष्ट हेरली. समाधिपादात एकूण 51 सूत्रं आहेत. त्यातल्या तिसाव्या सूत्रात साधनेच्या वाटेवरचे नऊ अडथळे सांगितले आहेत: आजारपण, मनाचा जडपणा, शंका, बेपर्वाई, आळस वगैरे. एकतिसाव्यात त्या अडथळ्यांचे सोबती येतात: दुःख, खिन्नता, शरीराची थरथर आणि बिघडलेला श्वास. आपण टेन्शन आलं की जे जे होतं म्हणतो ना, बहुतेक तेच. पुढच्या सूत्रात ते एका तत्त्वाचा अभ्यास करायला सांगतात आणि लगेच तेहतिसावं सूत्र येतं, आजचं. गंमत बघा, श्वासाचा उपाय चौतिसाव्या सूत्रात आहे. म्हणजे नाक धरून बसण्याच्या आधी महर्षी विचारतात, आजूबाजूच्या माणसांकडे तू कोणत्या नजरेनं बघतोस?

सूत्राचा अर्थ

या सूत्रात चार जोड्या आहेत.

सुखी माणसाविषयी मैत्री.
दुःखी माणसाविषयी करुणा.
पुण्यवान, म्हणजे चांगलं वागणाऱ्या माणसाविषयी मुदिता, म्हणजे आनंद.
पापी, म्हणजे वाईट वागणाऱ्या माणसाविषयी उपेक्षा.

या चार भावना मनात मुरवल्या की काय मिळतं? चित्तप्रसादन. 'प्रसाद' आणि 'प्रसन्न' हे एकाच धातूपासून आलेले शब्द. प्रसाद म्हटलं की आपल्याला शिरा किंवा पेढा आठवतो, पण त्याचा मूळ अर्थ आहे स्वच्छपणा, निर्मळपणा. पूर्वी पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की घरोघरी त्यात तुरटी फिरवायचे. गाळ तळाशी बसायचा आणि वरचं पाणी नितळ व्हायचं. पाणी बदललं नाही, फक्त गाळ खाली बसला. चित्तप्रसादन म्हणजे हे असं नितळणं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही भगवंत अर्जुनाला सांगतात की असा प्रसाद लाभला की सगळी दुःखं ओसरतात आणि बुद्धी लवकर स्थिर होते.

म्हणजे शास्त्राचा क्रम आपल्या क्रमाच्या उलटा आहे. आपण म्हणतो, "आधी माझं सगळं नीट होऊ दे, मी खूश होऊ दे, मग मी सगळ्यांशी छान वागेन." महर्षी म्हणतात, आधी नजर नीट कर, प्रसन्नता तिच्यामागून येईल. आनंद आणि दयाळूपणा ही दोन वेगळी कामं नाहीतच.

आता एकेक जोडी बघूया.

1. सुखी माणसाशी मैत्री

वाचताना ही जोडी सगळ्यात सोपी वाटते. सुखी माणसाशी मैत्री कोण करणार नाही? पण जरा थांबून आठवा. तुमच्याच बॅचचा मित्र, तुमच्याएवढेच मार्क, आणि त्याला परदेशी जायची संधी मिळाली. धाकट्या बहिणीचं लग्न आधी ठरलं. रूममेटचा फ्लॅट बुक झाला आणि तुमचं अजून डिपॉझिटचं गणित जुळत नाही. आपण 'अभिनंदन!!' टाईप करतो, दोन फुगे पाठवतो आणि आत कुठेतरी बारीक काटा टोचतो. दुःखात धावून जाणारे मित्र पुष्कळ मिळतात. आपल्या सुखात मनापासून हसणारे मोजकेच असतात. म्हणून कदाचित महर्षींनी ही जोडी पहिली घेतली असावी.

इथे सुदाम्याची गोष्ट आठवते. ही कथा भागवताच्या दहाव्या स्कंधात, 80 आणि 81 व्या अध्यायांत आहे. आपण ती नेहमी कृष्णाच्या बाजूने ऐकतो: एवढा मोठा द्वारकाधीश, पण गरीब मित्राला धावत जाऊन मिठी मारली, त्याचे पाय धुतले, त्याचे पोहे आवडीने खाल्ले. आज ती सुदाम्याच्या बाजूने बघा. दोघे सांदीपनींच्या आश्रमात एकत्र शिकलेले. एक राजवैभवात, दुसऱ्याच्या घरात खायला नाही. बायकोने शेजारपाजारून मूठ-मूठ पोहे मागून आणले आणि फडक्यात बांधून दिले. सुदामा सोन्याचा महाल बघतो, राण्या बघतो, मित्राचा थाट बघतो. त्याच्या मनात 'याला एवढं आणि मला काहीच नाही' असं येत नाही. तो रिकाम्या हाताने परत निघतो आणि वाटेत म्हणतो काय? देवाने मला पैसा दिला नाही तो माझ्या भल्यासाठीच, नाहीतर श्रीमंतीच्या धुंदीत मी त्याला विसरलो असतो. घरी काय घडलंय हे त्याला तेव्हा ठाऊकही नव्हतं.

सोन्याचं घर हा कथेचा शेवट आहे, पण सुदाम्याची खरी संपत्ती त्या परतीच्या वाटेवर दिसते. मित्र सुखात आहे, मी त्याला भेटलो, मला आनंद झाला. बस. सुखी माणसाविषयी मैत्री म्हणतात ती हीच.

आपल्याला हे जमावं म्हणून एक छोटी युक्ती. कोणाचं अभिनंदन करताना वाक्यात 'मी' येऊ द्यायचा नाही. "अरे वा, मस्त! आमचं कधी होणार काय माहीत" यात पहिला अर्धा भाग मैत्रीचा आणि दुसरा मत्सराचा. पहिल्या अर्ध्यावर थांबायला शिकूया.

2. दुःखी माणसाविषयी करुणा

करुणा आणि कीव यात फरक आहे. कीव वरून खाली बघते, करुणा शेजारी येऊन बसते. एखाद्याची नोकरी गेली की आपण लगेच सल्ले देतो: सीव्ही बदल, अमुक कोर्स कर, सकारात्मक राहा. त्याला त्या क्षणी सल्ला नको असतो, कोणीतरी ऐकणारं हवं असतं. "जेवलास का?" एवढ्या दोन शब्दांतही करुणा मावते.

संत एकनाथ महाराजांची (1533-1599) कावडीची कथा तुम्हाला माहीत असेल. काशीची गंगा कावडीत भरून ती रामेश्वराला वाहायला निघालेले असताना वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडताना दिसलं. नाथांनी कावड उतरवली आणि ते पाणी गाढवाच्या तोंडात ओतलं. बरोबरच्यांना वाटलं, एवढी यात्रा फुकट गेली. नाथांना वाटलं, रामेश्वर इथेच भेटला.

या कथेतली एक गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. नाथांकडे पाणी होतं, पण ते शिल्लक पडलेलं नव्हतं. ते देवासाठी ठरलेलं होतं, कित्येक कोस खांद्यावर वाहिलेलं होतं. करुणेची वेळ नेहमी अशीच गैरसोयीची असते. आपलं ठरलेलं काही तरी मोडावं लागतं. डेडलाईन असते तेव्हाच बाबांना बोलायचं असतं. झोप आलेली असते तेव्हाच मैत्रिणीचा फोन येतो. शिल्लक वेळेतून द्यायचं ठरवलं तर द्यायची वेळ कधी येतच नाही.

आणि हो, करुणा म्हणजे जगातलं सगळं दुःख फोनवर स्क्रोल करत बसणं नव्हे. त्याने मन जड होतं आणि मदत कोणालाच होत नाही. समोर आलेल्या गाढवाला पाणी. भर उन्हात चौथ्या मजल्यावर पार्सल घेऊन आलेल्या मुलाला आधी पाणी विचारणं. आपल्याकडे उन्हातून आलेल्याला गूळपाणी द्यायची रीत होती, ती लिफ्टच्या इमारतीतही चालू शकते. घरकामाच्या ताई दोन दिवस आल्या नाहीत तर "का नाही आलात?" याऐवजी "बरं आहे ना सगळं?" असं विचारणं. प्रश्न तोच, पण एकात हजेरी आहे आणि दुसऱ्यात माणूस आहे.

3. चांगल्या माणसाविषयी मुदिता

मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या चांगुलपणाने आपल्याला झालेला आनंद. पहिल्या जोडीत दुसऱ्याचं सुख बघायचं होतं, इथे दुसऱ्याचं पुण्य बघायचं आहे. हे का अवघड जातं? कारण चांगला माणूस शेजारी असला की आपल्याला आपण लहान वाटायला लागतो. मग आपण त्याच्यात खोट शोधतो. कोणी नियमाने उपवास करतो, "दाखवायला करतोय." कोणी रक्तदान केलं, "फोटोसाठी." ऑफिसात कोणी खोटं बिल लावत नाही, "जास्तच शहाणा आहे." आणि घरात आजी चाळीस वर्षं पहाटे उठून नामस्मरण करते त्याचं काय? "तिला सवयच आहे." असं म्हणून आपण मोकळे होतो.

नामदेव महाराजांकडे बघा. ते स्वतः एवढे मोठे भक्त. पण त्यांच्या अभंगांचा केवढा तरी भाग दुसऱ्याच्या मोठेपणाचा आहे. आदि, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांतून त्यांनी ज्ञानदेवांचं चरित्र गायलं. ज्ञानदेवांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली, त्या प्रसंगाचं वर्णन वाचताना लिहिणाऱ्याचं भरून आलेलं मन कळतं. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरात आणणारे नामदेवच, असं परंपरा सांगते. आजही पंढरपूरच्या महाद्वारापाशी नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. ज्यांना देवळाच्या आत जाऊ दिलं नाही, त्यांचं मोठेपण नामदेवांनी ओळखलं आणि सगळ्यांना दाखवलं. मुदिता म्हणजे नुसतं मनात 'छान' म्हणणं नाही. दुसऱ्याचं चांगलं मोठ्याने सांगणं हीसुद्धा मुदिताच.

वारीत हे रोज दिसतं. एक वारकरी दुसऱ्याच्या पाया पडतो आणि तो लगेच वाकून याच्या पाया पडतो. वय, पद, जात विचारत नाहीत. समोरच्यात माऊली आहे एवढं पुरतं.

4. वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा

इथे एक अडचण येते. मराठीत आपण 'उपेक्षा' म्हणतो तेव्हा अर्थ होतो दुर्लक्ष, हेळसांड. 'उपेक्षित' म्हणजे ज्याच्याकडे कोणी बघितलं नाही असा. सूत्रातली उपेक्षा अशी तुच्छतेची नाही. तिचा अर्थ आहे तटस्थ राहणं, मनाला तिथे अडकू न देणं. बौद्ध परंपरेत याच चार भावनांना ब्रह्मविहार म्हणतात आणि तिथेही उपेक्षा म्हणजे समतोल.

व्यासभाष्यात याबद्दल एक फार मार्मिक गोष्ट आहे. योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात मैत्री वगैरेंवर चित्त एकाग्र केलं की त्यातून बळ मिळतं असं सूत्र येतं. त्यावर भाष्यकार व्यास म्हणतात की हे बळ मैत्री, करुणा आणि मुदिता या तिघींतूनच येतं. उपेक्षा ही भावना करत बसायची गोष्टच नाही, म्हणून तिच्यात समाधी नाही आणि तिच्यातून बळही नाही. सोप्या भाषेत सांगायचं तर वाईट वागणाऱ्या माणसावर ध्यान लावायचं नाही.

आणि आपण काय करतो? साहेब सकाळी दहाला एक वाक्य बोलून गेले. लोकलमध्ये ते वाक्य, जेवताना ते वाक्य, रात्री दोनला डोळे उघडले तरी तेच वाक्य. मी असं उत्तर द्यायला हवं होतं, तसं द्यायला हवं होतं. दिवसभरातलं आपलं सगळ्यात एकाग्र ध्यान आपण अशाच माणसावर करतो! जपाला दहा मिनिटं आणि त्याला दहा तास.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. उपेक्षा म्हणजे अन्याय सोसणं नाही. कोणी त्रास देत असेल, छळत असेल तर घरच्यांना सांगा, योग्य ठिकाणी तक्रार करा, गरज पडली तर ती जागा सोडा. सूत्र चित्ताबद्दल बोलतं, हात बांधून बसायला सांगत नाही. तक्रार करून झाल्यावरही आत निखारा फुंकत बसायचा की नाही, एवढंच ते विचारतं. उलट मन शांत असेल तर तक्रारसुद्धा मुद्देसूद होते.

उपेक्षा म्हणजे दार लावून घेणंही नाही. ताटीचे अभंग तुम्ही ऐकले असतील. लोकांच्या बोलण्याने मन दुखावलं म्हणून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकटी मुक्ताई बाहेरून त्यांना समजावत राहिली, असा तो प्रसंग. मुक्ताईचं म्हणणं काय? जग आगीसारखं झालं तर संतांनी पाणी व्हावं. वाईट माणसामुळे आपण सगळ्या जगाला दार लावलं तर नुकसान त्या माणसाचं होत नाही. ज्या सुखी, दुःखी आणि चांगल्या माणसांना आपण भेटलो असतो ती सगळी बाहेर राहतात. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी येणाऱ्या पसायदानात ज्ञानदेव दुष्ट माणसांचा नाश मागत नाहीत, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढंच मागतात. दार उघडल्यावर माणसाची नजर अशी होते.

माणूस एक, जोड्या चार

हे सूत्र वाचून लगेच माणसांची यादी करायचा मोह होतो. हा सुखी, ती दुःखी, तो पुण्यवान आणि अमुक तर नक्कीच पापी! तसं करू नका. एकच माणूस एका दिवसात चारही होतो. तीच आई सकाळी भाचीच्या बारशाला जायचं म्हणून खुशीत असते, दुपारी गुडघे दुखतात म्हणून गप्प असते, संध्याकाळी शेजारच्या आजारी काकूंना भाकरी-भाजी नेऊन देते आणि रात्री आपल्याला नको तेवढं बोलते. आपण फक्त रात्रीचं वाक्य लक्षात ठेवून झोपतो. चारांपैकी तीन वेळा मन प्रसन्न व्हायची संधी होती, ती हातची गेली.

आणि कोणीतरी आपल्यालाही या चार रूपांत बघत असतं, हेही विसरायला नको.

"पण मी तर भक्त, योगी थोडाच आहे?"

असा प्रश्न येईल. त्याचं उत्तर गीतेच्या बाराव्या अध्यायात आहे. भक्तियोगाचे 20 श्लोक. तेराव्या श्लोकापासून भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगू लागतात. सुरुवात कशाने होते? किती माळा केल्या, किती यात्रा केल्या याने नाही. कोणाचाही द्वेष न करणारा, सर्वांशी मैत्रीने आणि करुणेने राहणारा, ही पहिली ओळख. योगशास्त्राने चित्त निर्मळ करायला जे सांगितलं, तेच भक्तिशास्त्राने देवाला आवडायला सांगितलं.

आजची साधना

फार काही करायचं नाही. रात्री दिवा मालवण्याआधी चार प्रश्न:

1. आज कोणाच्या सुखात मी 'मी' न आणता सामील झालो?
2. आज कोणासाठी माझं ठरलेलं काही मी बाजूला ठेवलं?
3. आज कोणाचा चांगुलपणा मी तोंडाने बोलून दाखवला?
4. आज मी कोणावर नको ते ध्यान केलं, आणि ते आता सोडतो का?

चारही उत्तरं रोज मिळणार नाहीत. एक मिळालं तरी देवाला नमस्कार करून झोपा. चौथ्या प्रश्नाला एखादं नाव आलं तर त्या माणसासाठी भांडणाचं उत्तर तयार करू नका, त्याच्यातला वाकडेपणा जावो एवढं मागा आणि कूस बदला.

उद्या सकाळी पहिला फोटो किंवा पहिली बढतीची बातमी दिसली की तिथूनच अभ्यास सुरू. फुगे पाठवण्याऐवजी त्या मित्राला फोन करा आणि त्याचा आवाज ऐका.

हे पांडुरंगा, माझ्या नजरेतला गाळ खाली बसू दे. जो सुखात आहे त्याच्या अंगणात मला हसत उभं राहता येऊ दे. जो दुःखात आहे त्याच्यासाठी माझी कावड उतरवायचं बळ दे. जो चांगला आहे त्याच्यापुढे मान लवू दे. आणि ज्याने दुखावलं त्याच्यामुळे माझं दार बंद होऊ देऊ नकोस.

राम कृष्ण हरी 🙏